मायक्रोवेव्हमधलं सुपरहीटेड पाणी

पाणी त्याच्या उकळायच्या तापमानाच्या वर गेलं आणि तरीही उकळलं नाही, तर त्या अवस्थेला सुपरहीटिंग किंवा अतितापन म्हणतात. घरात हे गॅसवर जवळपास कधीच होत नाही, मायक्रोवेव्हमध्ये मात्र होतं. कपभर पाणी ठेवलं, तीन मिनिटं लावली, दार उघडलं तर बुडबुडा नाही, आवाज नाही, वाफ पण जेमतेम, त्यामुळे माणूस म्हणतो अरे काही तापूनच नाही राहिलं, आणि कॉफीचा चमचा टाकतो की अर्धा कप पाणी एका झटक्यात उसळून हातावर नाहीतर तोंडावर. मायक्रोवेव्हसोबत येणाऱ्या पुस्तिकेत याची सूचना छापलेली असते, पेय उशिरा आणि जोरात उकळू शकतं अशा अर्थाची, पण ती पुस्तिका गॅरंटी कार्डासोबत ड्रॉवरमध्ये जाते आणि तिथेच राहते.

उकळायचं तापमान म्हटलं की सगळे 100 अंश म्हणतात, पण इंदूरला ते खरं नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर, माळव्याच्या पठारावर आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. ग्वाल्हेरला 99 च्या थोडं वर, आणि वडोदरा समुद्रसपाटीच्या जवळ म्हणून तिथे जवळजवळ पूर्ण 100. म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या स्वयंपाकघरात थर्मामीटर 100 दाखवून राहिला असेल आणि पाणी गप्प असेल, तर ते आधीच दोन अंश सुपरहीटेड आहे. शाळेच्या पुस्तकातल्या 100 वर भरवसा ठेवून "अजून उकळायचंय" म्हणणारा माणूस तिथेच फसतो.

हे होतं कशामुळे ते समजायला बुडबुड्याकडे बघावं लागतं. पाण्याच्या आत वाफेचा बुडबुडा जन्मतो तेव्हा त्याला चारी बाजूंनी पाण्याचा पृष्ठताण आवळतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका आवळ जास्त. हिशोब सोपा आहे, जास्तीचा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. उकळत्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण 0.059 न्यूटन, तेव्हा एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या बुडबुड्याला बाहेरच्या हवेच्या वर आणखी सव्वा वातावरणाच्या जवळपास दाब सोसायचा असतो. तेवढा दाब वाफेत यायला तापमान 120 अंशांच्या वर पाहिजे, म्हणजे शिट्टीला आलेल्या कुकरच्या आतल्यासारखी परिस्थिती. दहा मायक्रॉनच्या बुडबुड्याला मात्र तीनेक अंश जास्त मिळाले तरी पुरतं. म्हणून शून्यातून बुडबुडा सुरू करणं पाण्याला फार जड जातं, त्याला आधीपासून तयार असलेली एखादी जागा लागते, जिथे थोडी हवा अडकलेली आहे.

ही जागा कुठे असते ते स्टीलच्या पातेल्यात स्वच्छ दिसतं. चहाचं पाणी गॅसवर ठेवून बाजूला उभं राहून नुसतं बघा, पहिले बुडबुडे पूर्ण तळातून येत नाहीत, ठरलेल्या दोन-चार ठिकाणांहून एकामागे एक माळेसारखे वर येतात, आणि तिथे बोट फिरवलं (पातेलं थंड झाल्यावर, अर्थातच) तर तारेच्या घासणीचा ओरखडा लागतो किंवा जुन्या पाण्याचा पांढरा थर. बोरिंगचं पाणी वापरणाऱ्या घरांमध्ये हा थर भरपूर असतो, आपण त्याला नावं ठेवतो, पण उकळी नीट यावी म्हणून तो कामाचाच आहे. शिवाय गॅसवर सगळ्यात गरम असतो तो तळ, आणि ओरखडेही तळालाच, त्यामुळे बुडबुडे वेळेवर सुटतात आणि तापमान वर जाऊच देत नाहीत.

मायक्रोवेव्हमध्ये सगळं उलटं. 2.45 गिगाहर्ट्‌झच्या लहरी काचेतून किंवा चिनीमातीतून आरपार जाऊन थेट पाण्याला तापवतात, कप तापतो तो पाण्यामुळे, म्हणून कपाची भिंत पाण्यापेक्षा थंडच राहते. ओरखडा असला तरी तो थंड भिंतीवर, आणि नव्या गुळगुळीत काचेच्या मगला तर ओरखडाही नाही. वरचा पृष्ठभाग वाफेबरोबर उष्णता घालवत थोडा गार होतो आणि खरी गरमी खाली दडून बसते, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. वेळेचा अंदाज पण आपण ढिला लावतो. 800 वॅट खरोखर पाण्यात जात असतील तर 25 अंशांचं पाव लिटर पाणी 98 ला पोचायला दीड मिनिटाच्या थोडं वर लागतं. तीन मिनिटं लावली तर उरलेला वेळ ती ऊर्जा कुठे जाणार? नीट उकळी आली तर वाफेत जाते, नाही आली तर त्यातला बराच भाग पाण्यातच साचतो.

साचलेलं बाहेर पडतं तेव्हा काय होतं त्याचाही हिशोब करता येतो. पाव लिटर पाणी फक्त पाच अंश जास्त तापलेलं असेल तर त्यात सव्वापाच हजार ज्यूल जास्तीचे आहेत, तेवढ्यात सव्वादोन ग्रॅम पाण्याची वाफ होते. सव्वादोन ग्रॅम म्हणजे अर्धा छोटा चमचा, ऐकायला काहीच नाही, पण एक ग्रॅम वाफ दीड लिटरपेक्षा जास्त जागा घेते, म्हणजे पाव लिटरच्या कपात खालून एकदम साडेतीन-चार लिटर वाफ. ती वर जाताना वरचं सगळं पाणी ढकलूनच जाणार. कॉफी पावडर, साखर, टी बॅग, मीठ यांच्या प्रत्येक कणाच्या खाचाखोचांत हवा असते, म्हणून चमचाभर पावडर म्हणजे एका वेळी हजारो तयार जागा. कधी तेवढंही लागत नाही, कप उचलताना बसलेला धक्का पुरतो.

ही गोष्ट मायक्रोवेव्हच्या फार आधीपासून माहीत आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनची कल्पना अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरला 1945 च्या सुमारास सुचली, आणि जिनिव्हाचा शास्त्रज्ञ झाँ-आंद्रे देल्यूक त्याच्या दीड-दोनशे वर्षं आधी याच नादाला लागला होता. थर्मामीटरवर उकळीची खूण नक्की कुठे करायची यावरून त्याचं डोकं फिरलं होतं, कारण पाणी दर वेळी त्याच अंशावर उकळत नव्हतं. त्याला वाटलं पाण्यात विरघळलेली हवा घोळ घालते आहे, म्हणून ती काढायला तो पाण्याची बाटली हलवत बसला, चार आठवडे! झोप, बाहेरची कामं आणि दोन्ही हात लागतील ती कामं एवढीच सुट्टी. ते हवा काढलेलं पाणी त्याच्याकडे 112 अंशांपर्यंत गेलं आणि मग स्फोटासारखं उकळलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने दाखवलं की काचेच्या भांड्यात पाणी धातूच्या भांड्यापेक्षा एखादा अंश वर उकळतं आणि त्यात धातूचा कीस टाकला की फरक जातो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आजही डिस्टिलेशनच्या फ्लास्कमध्ये चिनीमातीचे तुकडे टाकतात ते यासाठीच, इंदूरच्या होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सी केलेल्या कोणालाही विचारा. मात्र तुकडे द्रव थंड असतानाच टाकायचे, तापलेल्या द्रवात टाकले तर तेच उसळी आणतात.

देल्यूकच्या त्या खटाटोपातून स्वयंपाकघराला जे कळायला पाहिजे ते हे, की सगळ्यात वाईट पाणी म्हणजे दुसऱ्यांदा तापवलेलं. नळाचं नर्मदेचं पाणी असो की आरओचं, पहिल्यांदा तापताना त्यातली विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांनी निघते आणि त्यांच्या आधाराने उकळीही येते. मग फोन वाजतो, शेजारच्या काकू येतात, पाणी कोमट होतं, आपण तोच कप तसाच परत आत ढकलतो, आता हवा गेलेली आहे, चार आठवडे बाटली न हलवताच. लोक आरओला दोष देतात, पण क्षार काढल्याने फार फरक पडत नाही. गुळगुळीत मग, हवा गेलेलं पाणी आणि जास्तीची मिनिटं हे तिघं एकत्र आले की काम होतं. दूध त्या मानाने वेगळं आहे, स्निग्धता आणि प्रथिनांमुळे ते फेसाळून उतू जातं, त्रास ओटा पुसण्याचा जास्त.

उपाय साधे आहेत आणि ते तापवायच्या आधीचे आहेत. कपात आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा लाकडी चमचा उभा ठेवायचा, लाकडात हवा भरपूर असते. कॉफी किंवा टी बॅग आधीच टाकून तापवलं तरी चालतं, चवीचं ज्याने त्याने बघावं. एकदम तीन मिनिटांऐवजी एक मिनिट, हलवलं, मग परत अर्धं मिनिट. कप काठोकाठ भरायचा नाही. आणि वेळ जास्त लागलीच असेल, पाणी संशयास्पद शांत असेल, तर दार न उघडता एक-दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं, वाकून आत बघायचं नाही, कारण वाकून बघताना पाणी उसळलं तर ते थेट चेहऱ्यावर येतं.

उकडलेलं अंडं परत गरम करताना होतं ते याच्याच घरातलं. बलकाच्या आत पाण्याचे बारीक साठे सुपरहीट होतात आणि दात लागला की फुटतात. 2017 मध्ये अमेरिकेत ध्वनितज्ज्ञांनी अशी शंभरेक अंडी तापवून टोचून पाहिली, त्यातली साधारण तिसरा हिस्सा फुटली, आणि आवाज एका फुटावर 133 डेसिबलपर्यंत मोजला गेला.

भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक थांबतात, पण कातडीच्या आत गरमी उरलेली असते. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आधी काढायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप तर अजिबात नाही, डॉक्टरला ते सगळं परत खरवडून काढावं लागतं. फोड फोडायचे नाहीत. चेहरा किंवा डोळा असेल, किंवा लहान मूल असेल, तर पाणी घालून झाल्यावर इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल किंवा जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे त्याच दिवशी दाखवायचं, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.