झाडपाला, पाणी आणि संडास: एका कामाची दोन कामं कशी झाली

वनौषधींचा फुकट दवाखाना चालवणारे स्वयंसेवक वेगळे आणि कंपोस्ट संडास, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, सोलर बसवणारे वेगळे, असंच आज बहुतेक वस्त्यांमधे दिसतं. फंड वेगळा, रिपोर्ट वेगळा. पण ही फाटाफूट तशी अलीकडची आहे.

1968 नंतर चीनच्या खेड्यांत जे अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडं प्रशिक्षण घेतलेले गावकरी, तयार झाले ते लस टोचायचे, गावातच औषधी झाडं लावायचे आणि विहिरी, मैला, उकिरडे यांचीही व्यवस्था बघायचे, म्हणजे सगळं एकाच माणसाकडे. तोच विचार सप्टेंबर 1978 मधे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या परिषदेत, अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात आला. प्राथमिक आरोग्यसेवेत शुद्ध पाणी आणि साधी स्वच्छता धरली गेली आणि पारंपरिक वैद्यांनाही 'गरज असेल तिथे', प्रशिक्षण देऊन, जागा दिली गेली.

आणि मग लगेच पुढच्या वर्षी, 1979 मधे, सगळं फिरलं. काही आरोग्यतज्ज्ञांचं म्हणणं असं की एवढं सगळं करायला गरीब देशांकडे पैसा नाही, त्यामुळे कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त मृत्यू टळतील असे मोजके उपाय आधी घ्या. त्या हिशोबात पाणी आणि संडास महाग ठरले आणि मागे पडले, पुढे आले ते मुलांची वाढ मोजणं, क्षारसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण. यातून असंख्य मुलं वाचली, हे मान्यच करायला हवं. पण हिशोब मुख्यतः बालमृत्यूंचा होता, त्यात बायकांचे पाणी वाहण्यात जाणारे तास नव्हते, मुलींची बुडणारी शाळा नव्हती, खरूज नव्हती, डोळे येणं नव्हतं. नळाचा फायदा एका आजारापुरता नसतोच, मग त्याला एका आजाराच्या मापाने मोजलं तर तो महागच दिसणार ना! झाडपाल्याचंही तेच, घरच्या घरी बरा झालेला खोकला कुठल्या तक्त्यात बसत नाही. माझ्या मते स्वयंसेवकांचं आजचं बरंचसं काम या निर्णयाने सोडून दिलेल्या जागेतच उभं आहे.

पाण्याचं काम मग 1981 ते 1990 या संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या पाणी दशकात स्वतंत्रपणे चाललं. हातपंप भरपूर बसले पण दुरुस्ती कोण करणार, पार्ट कुठून आणणार हे ठरलेलं नसायचं, म्हणून पुढे गावातल्या माणसांना उघडता येतील असे पंप बनवायला लागले. बांगलादेशात तर जुलाब टाळायला घेतलेल्या उथळ कूपनलिकांत 1993 मधे आर्सेनिक हे विष सापडलं. पाणी बसवणारे आणि आजार बघणारे एकत्र असते तर हे आधी लक्षात आलं असतं का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

वनौषधींनाही 90 च्या दशकात धक्के बसले. बेल्जियममधे वजन कमी करायच्या गोळ्यांत भलतीच वनस्पती मिसळली गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. 2000 मधे दिसलं की सेंट जॉन्स वर्ट या, उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे एचआयव्हीच्या औषधाचा असर कमी होतो. तेव्हापासून नीट चालणाऱ्या दवाखान्यात रुग्णाला आधी चालू गोळ्या विचारतात, मग काढा देतात.

2005 च्या कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधे मात्र दोन्ही पुन्हा एकत्र आलं, मशिदीत सुरू झालेल्या दवाखान्यात झाडपाल्याची औषधं मिळायची आणि त्याच कॉमन ग्राउंड नावाच्या चळवळीतले स्वयंसेवक चिखलाने भरलेली घरं उपसत होते, दूषित माती झाडं लावून सुधारत होते. 2016 मधे अमेरिकेतल्याच स्टँडिंग रॉकच्या, तेलाच्या पाइपलाइनविरुद्धच्या आंदोलनाच्या छावणीतही वनौषधीवाले आणि कंपोस्ट संडास बांधणारे एकाच ठिकाणी राहिले.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्याच 2018 च्या अस्तानाच्या जाहीरनाम्यात पारंपरिक ज्ञानाचा उल्लेख परत आला. पण पंपाच्या वॉशरचे आणि औषधांच्या तपासणीचे पैसे कोणी द्यायचे, हे मात्र अजून वस्तीवस्तीत वेगवेगळंच ठरतं.