टी-शर्ट छापणाऱ्याचं पंचांग

मराठवाड्यात टी-शर्ट छापून देणाऱ्याकडे ऑर्डरी तारखा धरून येतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, मग भाद्रपदात गणपती मंडळं आणि ढोलपथकं, त्याच सुमारास १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन. मधल्या काळात कबड्डीचे सामने आणि क्लासवाल्यांचे निरोप समारंभ. गिऱ्हाईक येतं, मोबाइलवरचं चित्र दाखवतं आणि म्हणतं, "हेच छापायचंय, परवा पाहिजेत." चित्र तेच, कापड तेच, छापणारा माणूसही तोच. पण फेब्रुवारीत ज्या रीतीने शंभर टी-शर्ट बिनबोभाट निघाले, त्याच रीतीने एप्रिलमध्ये काम केलं तर छपाईची जाळी बुजते, आणि सप्टेंबरमध्ये केलं तर जाळीवरचं चित्रच धुऊन जातं. हवा, ऊन, पाणी आणि वीज हाही या धंद्यातला कच्चा माल आहे. त्याचं बिल लागत नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्व दोन ओळींचं आहे. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, म्हणजे स्क्रीन, घ्यायची, रंग नको तिथली छिद्रं बुजवायची, हवा तिथली उघडी ठेवायची आणि रबरी पट्टीने, म्हणजे स्क्विजीने, रंग वरून ओढायचा. ही जाळी पूर्वी रेशमाची असे. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आता जाळी पॉलिएस्टरची असते, कारण पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही आणि ओलं झालं तरी सैल पडत नाही. काळ्या टी-शर्टवर जाड पांढरा रंग टाकायचा असेल तर सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी लागते, तिची छिद्रं साधारण १५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बारीक कामाला १२० धाग्यांची, तिची छिद्रं ५० मायक्रॉनच्याही आत. रंग किती जाड बसणार हे बरंचसं इथेच ठरून जातं. पुढे हाताने कितीही जोर लावला तरी बारीक जाळीतून जाड थर उतरत नाही.

प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. चार रंगांचा एकच टी-शर्ट मागितला की छापणारा हात जोडतो तो यामुळे. एका नगाला चार स्क्रीन कराव्या लागतात आणि शंभर नगांनाही चारच. एक-दोन नग हवे असतील तर आता फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायची डीटीएफ पद्धत आली आहे, आणि त्या कामाला ती ठीकच आहे.

स्क्रीन तयार होते उजेडाने. जाळीवर इमल्शनचा पातळ लेप देतात. आपल्याकडच्या स्वस्त इमल्शनमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं आणि त्यात अमोनियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेलं असतं. दुकानात त्याला बायक्रोमेट म्हणतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं. पण त्यावर अतिनील किरण पडले की डायक्रोमेटमधलं क्रोमियम +६ अवस्थेतून +३ अवस्थेत येतं आणि त्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधून टाकतं. बांधलेला लेप मग पाण्याला दाद देत नाही. ट्रेसिंग पेपरवर चित्र गडद काळं छापून लेपावर ठेवलं, वर काच ठेवली आणि उजेड दिला, की काळ्याखालचा भाग कच्चा राहतो. तो पाण्याने धुतला की चित्राच्या आकाराची छिद्रं मोकळी होतात. डायक्रोमेटवर उजेडाचा परिणाम होतो हे स्कॉटलंडच्या मंगो पॉन्टन यांनी १८३९ मध्ये दाखवलं, आणि डायक्रोमेट मिसळलेलं जिलेटिन उजेडाने न विरघळणारं होतं हे इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ मध्ये. फोटोग्राफीच्या पहिल्या पिढीतलं हे रसायनशास्त्र आज गल्लीतल्या दहा बाय बाराच्या दुकानात रोज वापरलं जातं.

पण उजेड किती वेळ द्यायचा? कमी पडला तर लेप जाळीच्या बाजूने कच्चा राहतो आणि धुताना सोलून निघतो. जास्त झाला तर किरण पांढऱ्या धाग्यांवर आपटून बाजूला पसरतात, काळ्या रेघेच्या कडेखाली शिरतात, आणि बारीक अक्षरं बुजतात. म्हणूनच बारीक जाळी पुष्कळदा पिवळी रंगवलेली असते. पिवळा धागा अतिनील किरण पसरवण्याऐवजी शोषतो. ज्याच्याकडे अतिनील ट्यूबची पेटी आहे त्याचं सेकंदांचं गणित एकदा बसलं की बसलं. जो गच्चीवर उन्हात स्क्रीन धरतो त्याला सूर्याशी जुळवून घ्यावं लागतं. लातूरला मे महिन्याच्या मध्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, डिसेंबरच्या शेवटी तो दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. आणि आषाढ-श्रावणात ढग कधी येतील याचं वेळापत्रक कुणाकडेच नाही.

उजेडापेक्षाही पावसाळी ओल जास्त छळते. लेप पूर्ण वाळल्याशिवाय उजेड दिला तर रेणूंची बांधणी नीट होत नाही. बोटाला कोरडा लागणारा लेप आतून ओला असू शकतो. गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या याच दिवसांत येतात. घाईत स्क्रीन धुवायला घ्यावी, तर चित्राबरोबर बाकीचा लेपही नाल्यात जातो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: डायक्रोमेटचा लेप अंधारातही हळूहळू पक्का होत राहतो आणि उष्णतेने हा वेग वाढतो. एप्रिलमध्ये आदल्या दिवशी लेप देऊन ठेवलेली स्क्रीन दुसऱ्या दिवशी नीट उघडतच नाही. तेव्हा ज्या दिवशी कोटिंग त्याच दिवशी उजेड, हा नियम कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही.

धुण्याचंही तसंच. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात 'भरपूर पाण्याने धुवा' ही सूचना वाचायलाच सोपी. पाण्यात हात आखडता घेतला की उघड्या छिद्रांत लेपाचा पातळ पापुद्रा राहून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, रंगाला मात्र अडवतो. आणि हे धुतलेलं पिवळं पाणी निरुपद्रवी नाही. +६ अवस्थेतलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, कातडीला फोड आणणारं आहे. डायझो किंवा फोटोपॉलिमर जातीची, क्रोमियम नसलेली इमल्शनं मिळतात, महाग पडतात. उघड्या हातांनी बायक्रोमेट ढवळणारी पोरं पाहिली की मला छपाईच्या कौतुकापेक्षा आधी रबरी हातमोज्यांबद्दल बोलावंसं वाटतं.

आता प्रत्यक्ष हात. स्क्विजी ओढणं हे बघणाऱ्याला ढकलाढकलीचं काम वाटतं. खरं तर तिथे रंगाला काही क्षणांपुरतं पातळ करायचं असतं. छपाईचा रंग डब्यात घट्ट, जवळजवळ न वाहणारा असतो. पट्टीच्या कडेखाली तो जोरात घासला जातो तेव्हा त्याची आतली बांधणी मोडते आणि तो छिद्रांतून सहज उतरतो. कापडावर पोचला की पुन्हा घट्ट होतो. तसं झालं नसतं तर तो धाग्यांतून पसरला असता आणि अक्षरांना मिशा फुटल्या असत्या. जाळीही कापडाला टेकवून ठेवत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर वर असते. पट्टी जिथून जाते तेवढीच रेघ कापडाला टेकते आणि पट्टी पुढे सरकताच ताणामुळे उचलली जाते. त्या उचलण्यात रंग जाळीतून सुटतो. जाळी सैल असेल तर ती चिकटून बसते आणि छाप धूसर होतो. नवशिका यावर उपाय म्हणून जोर लावतो, आणि जोराने जाळी आणखी चिकटते. मुरलेल्या माणसाचा हात उलट हलका असतो. पट्टी जवळपास उभी, दोन्ही बाजूंना सारखा दाब, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेग.

भीमजयंतीच्या ऑर्डरींना यात एप्रिलची भर पडते. पाण्यात कालवलेले पिगमेंट रंग कापडाला मऊ लागतात, पण चाळिशीच्या वर गेलेल्या कोरड्या हवेत त्यांतलं पाणी जाळीतच उडतं. रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर छिद्रांत घट्ट बसतो आणि दहाव्या-पंधराव्या टी-शर्टपासून अक्षरं तुटक येऊ लागतात. म्हणून रंगात थोडं ग्लिसरीन किंवा युरिया घालतात, ते ओल धरून ठेवतात. दोन नगांच्या मध्ये जाळीवर रंगाचा थर पसरून ठेवतात, छिद्रं उघडी पडू देत नाहीत. आणि पंखा बंद. लातूर-परभणीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून दिवसभर उभ्याने काम करणं ही या कलेची न सांगितलेली बाजू.

काळ्या टी-शर्टवर पिवळा किंवा निळा थेट छापला तर तो मळकट दिसतो, कारण पातळ रंगातून उजेड आरपार जातो आणि खालचं काळं कापड तो गिळून टाकतं. आधी पांढरा थर हवा. त्या पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उजेड परतवतं: त्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वळवण्याची ताकद, २.७ च्या आसपास, तर रंगातल्या भोवतालच्या प्लॅस्टिकचा दीडच्या आसपास. या फरकामुळे प्रत्येक कणावर उजेड वळतो, विखुरतो आणि मागे येतो. कण साधारण पाव मायक्रॉनचे असले की हे सगळ्यात चांगलं होतं. मग तो पांढरा थर हीटरखाली अर्धवट सुकवायचा आणि त्यावर बरोबर त्याच जागी रंग बसवायचा. इथे कापड दगा देतं. सुती टी-शर्ट गरम झाला की त्यातली ओल जाते आणि तो किंचित आक्रसतो. दुसरा रंग अर्धा मिलिमीटर सरकला तरी कडेला पांढरी किनार दिसते. अनुभवी माणूस पहिल्या रंगाआधीच कोरा टी-शर्ट एकदा गरम करून घेतो, म्हणजे आक्रसायचं ते आधीच आक्रसून जातं.

खरी परीक्षा चेहऱ्यांची. महाराजांचा किंवा बाबासाहेबांचा चेहरा छापायचा म्हणजे छटा हव्यात, आणि स्क्रीनला छटा कळत नाहीत. छिद्र एक तर उघडं, नाही तर बंद. त्यामुळे छटा ठिपक्यांत मोडतात, गडद जागी मोठे ठिपके, फिकट जागी बारीक. आता ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे अशा दोन जाळ्या एकमेकींवर येतात, आणि त्यांचा मेळ बसला नाही तर गालावर लाटांसारखे पट्टे उमटतात. ते टाळायला ठिपक्यांच्या ओळी धाग्यांशी २२.५ अंशांसारख्या तिरप्या कोनात ठेवतात आणि जाळी ओळींच्या चौपट-पाचपट दाट घेतात: सेंटिमीटरला १८ ओळी असतील तर ९० धाग्यांची. एवढं करूनही कापडावर प्रत्येक ठिपका थोडा फुगतोच. संगणकावर ५० टक्के काळा दिसणारा भाग टी-शर्टवर त्याहून बराच गडद येतो. हे ठाऊक नसलेल्याने छापलेला चेहरा सावळा न होता काळवंडतो, डोळ्यांभोवती डाग पडल्यासारखं होतं. बाकी नक्षी चुकली तर लोक चालवून घेतात. या दोन चेहऱ्यांच्या बाबतीत मंडळाची पोरं तिथेच गठ्ठा परत करतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. म्हणून जाणकार माणूस स्क्रीनसाठीचं काळं चित्र छापून काढतानाच मधल्या छटा मुद्दाम फिकट ठेवतो. संगणकावर चेहरा फिका दिसतो, छातीवर बरोबर.

शेवटची पायरी उष्णतेची, आणि गिऱ्हाइकाची बहुतेक फसवणूक इथेच होते, कधी कधी छापणाऱ्याच्याही नकळत. 'रबर प्रिंट' म्हणून लोक ज्याला ओळखतात त्यात पुष्कळदा प्लॅस्टिसोल असतं: पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ करणारं तेलकट द्रव. हे वाळत नाही, शिजतं. साबुदाणा पाणी पिऊन फुगतो आणि वाफेवर एकमेकांना धरतो, तसे हे कण गरम होताना ते द्रव शोषतात, फुगतात आणि नेहमीच्या प्लॅस्टिसोलमध्ये १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून एकजीव होतात. १२० अंशांवरच काढलं तर वरून कोरडं, चकचकीत, अगदी तयार दिसतं, पण कण नुसते एकमेकांना टेकलेले असतात. तीन-चार धुण्यांत त्याला तडे जातात.

आणि १६० अंश हे थराच्या तळाशी हवेत, नुसते पृष्ठभागावर नव्हे. सुती कापड नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं, म्हणजे १६० ग्रॅमच्या टी-शर्टमध्ये साधारण १२ ग्रॅम पाणी. एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे २७ किलोज्यूल उष्णता लागते, आणि कोरडं कापड ३० अंशांवरून १६० वर न्यायलाही जवळपास तेवढीच. निम्मी उष्णता नुसत्या ओलीवर खर्च होते. भाद्रपदात ओल वाढली की हा वाटाही वाढतो. त्यात विजेचा दाब उतरला तर पाहायलाच नको. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर हीटर ७६ टक्केच तापवतो, १८० आले तर ६१ टक्के. हीटर लालच दिसतो, घड्याळाचे सेकंदही तेच असतात. म्हणून काही जण दर पंचवीस-तीस नगांनंतर एक छाप दोन्ही हातांनी ताणून बघतात. कच्चा असेल तर तिथेच फाटतो.

जर्सी पॉलिएस्टरची असेल तर मात्र जास्त उष्णता देऊनही भागत नाही. पॉलिएस्टर डिस्पर्स जातीच्या रंगांनी रंगवलेलं असतं, आणि हे रंग तापल्यावर धाग्यातून सुटून वरच्या थरात शिरतात. लाल जर्सीवर छापलेला पांढरा नंबर गुलाबी होतो. तो नेहमी लगेच होत नाही; कधी गठ्ठा बांधून ठेवल्यावर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी. डीटीएफच्या चिकटवलेल्या फिल्मलाही यातून पूर्ण सुटका नाही, तिथेही खालून रंग चढू शकतो. उपाय आहेत: १३० अंशांच्या आसपास शिजणारी शाई वापरायची, पांढऱ्याखाली रंग अडवणारा करडा थर द्यायचा, आणि छापलेले कपडे गरम असताना एकावर एक रचायचे नाहीत. जाणता छापणारा कबड्डीच्या संघाला लाल जर्सी 'परवा' देत नाही. एक नग छापून बाजूला टांगतो, दोन दिवस थांबून नंबर अजून पांढराच आहे का बघतो, आणि मगच बाकीच्यांना हात लावतो.