अर्धा सेंट आणि दोन तृतीयांश : सँटा क्लारा काउंटीतल्या विक्रीकराची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत, सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो या पट्ट्यात, २०२५ साली शंभर डॉलरची वस्तू घेतली की त्यावर किमान ९.१२५ टक्के विक्रीकर लागत होता. त्यातले ७.२५ टक्के कॅलिफोर्नियात सगळीकडे सारखेच. उरलेल्या १.८७५ टक्क्यांचा पै न् पै काउंटीच्या मतदारांनी मतपत्रिकेवर मंजूर केलेला आहे : १९७६ चा अर्धा सेंट (डॉलरमागे, म्हणजे अर्धा टक्का), २००० चा अर्धा, २००८ चा अष्टमांश, २०१६ चा अर्धा, २०२० चा आणखी एक अष्टमांश, आणि काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीसाठी वेगळा अष्टमांश. हा शेवटचा सोडला तर शंभर डॉलरमागे पावणेदोन डॉलर निव्वळ बस, रेल्वे आणि रस्त्यांवर जातात.

लोकांनी स्वतःवर लावून घेतलेला कर, असे याचे वर्णन नेहमी केले जाते. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. मत द्यायला नागरिकत्व लागते, कर द्यायला लागत नाही. या खोऱ्यात कामाच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या हजारो भारतीय कुटुंबांनी, आणि त्यांत मराठी घरे कमी नाहीत, हा कर प्रत्येक खरेदीवर भरला आहे. तो लावायचा की नाही हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नाही.

मुळात स्थानिक कामांचा पैसा मालमत्ता करातून यायचा. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या (बे एरिया) बार्ट रेल्वेसाठी १९६२ मध्ये तीन काउंट्यांनी ७९ कोटी २० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, ते याच भरवशावर. पैसे अपुरे पडले तेव्हा १९६९ मध्ये विधिमंडळाने त्या काउंट्यांत अर्धा सेंट विक्रीकराची मुभा दिली. खरा बदल झाला तो जून १९७८ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतील दुरुस्तीने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत मूल्यांकनातली वाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के ठरली. त्याच दुरुस्तीत एक ओळ होती : शहरे, काउंट्या आणि ‘विशेष जिल्हे’ यांना ‘विशेष कर’ लावायचा तर दोन तृतीयांश मते हवीत. विशेष कर म्हणजे काय, हे तिथे सांगितलेले नव्हते. विशेष जिल्हा म्हणजे काय, हेही नाही. पुढची चाळीस वर्षे न्यायालयांत जे भांडण चालले, ते या दोन शब्दांवर.

१९८० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत अर्ध्या सेंटच्या वाहतूक कराला सुमारे ५४ टक्के मते पडली. १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कर लावणाऱ्या मंडळाला मालमत्ता कर लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून ते ‘विशेष जिल्हा’ नव्हे, असा निकालाचा आधार होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालाने विशेष कराची व्याख्या पक्की केली : ठरावीक कामासाठी राखून ठेवलेला कर तो विशेष, सर्वसाधारण तिजोरीत जाणारा तो सामान्य.

१९८४ मध्ये सँटा क्लाराने याच वाटेने साध्या बहुमतावर दहा वर्षांसाठी अर्धा सेंट मंजूर करून घेतला. मतदारांपुढे तीनच कामे होती : ८५ नंबरचा महामार्ग बांधणे, १०१ रुंद करणे आणि २३७ वरचे सिग्नल काढून तो मुक्त मार्ग करणे. ८५ ची आखणी कित्येक दशके कागदावर पडून होती. क्युपर्टिनोपासून दक्षिण सॅन होजेपर्यंतचा टप्पा १९९४ मध्ये खुला झाला. कर १९९५ मध्ये ठरल्या दिवशी संपला. सरकारने लावलेला कर मुदतीवर संपतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. माझ्या मते त्यानंतरच्या प्रत्येक मतदानामागे हीच पुण्याई आहे.

१९९२ मध्ये काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने पुढच्या वीस वर्षांसाठी अर्धा सेंट मागितला, ५४ टक्के मते मिळाली, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला. दरम्यान १९८६ मध्ये मतदारांनी आणखी एक कायदा केला होता. त्यानुसार कोणत्याही स्थानिक संस्थेच्या विशेष कराला दोन तृतीयांश मते लागत. वाहतूक प्राधिकरणाचा कर फक्त वाहतुकीसाठी, म्हणजे विशेषच.

यावरची तोड १९९६ ची. मतपत्रिकेवर दोन वेगळे ठराव आले. ‘ए’ मध्ये कामांची यादी होती : सॅन होजे ते मॉर्गन हिल १०१ चे रुंदीकरण, हलक्या रेल्वेचे नवे फाटे आणि बरेच काही. पण हा ठराव फक्त सल्लागार, बंधन कोणावरच नाही. ‘बी’ मध्ये नऊ वर्षांसाठी अर्धा सेंट होता, आणि हा पैसा काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार होता. यादीचा त्यात उल्लेखच नाही, म्हणून तो सामान्य कर, आणि साधे बहुमत पुरे. ‘बी’ ला ५१.८ टक्के मते पडली. विरोधक न्यायालयात गेले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने कर वैध ठरवला.

विरोधकांनी याला पळवाट म्हटले. कायद्याच्या शब्दाला धरून ती पळवाट नव्हती, आणि काउंटीने यादीतली कामे हाती घेऊन दिलेला शब्द पाळलाही. तरी यातला उलटा न्याय मला पटत नाही. पैसा नेमका कुठे खर्च करणार हे लिहून बांधून घेतले तर ६६.६७ टक्के मते हवीत. काहीच बांधून न घेता मागितला तर पन्नास टक्क्यांच्या वर एक मत पुरे. करदात्याला हमी मिळावी म्हणून आणलेल्या नियमाने हमी देणाऱ्यालाच जास्त उंच उडी मारायला लावली. १९८४ ची तीन कामांची नेमकी यादी सरकारी ठरावाने आज साध्या बहुमतावर आणता येणार नाही.

‘बी’ मंजूर झाला त्याच दिवशी, ५ नोव्हेंबर १९९६ ला, राज्यभरच्या मतदारांनी दोन तृतीयांशचा नियम घटनेत आणखी घट्ट केला. एकाच कामासाठी असलेल्या संस्थांना सामान्य कर लावायचा अधिकारच उरला नाही. ए-बीची जोडी शहरांना आणि काउंटीला खुली राहिली, वाहतूक प्राधिकरणाला नाही. म्हणूनच त्याचे पुढचे सगळे कर दोन तृतीयांशची शिडी चढून आले : २००० मध्ये बार्ट सॅन होजेला आणण्यासाठी तीस वर्षांचा अर्धा सेंट, सुमारे ७० टक्के मतांनी, २०१६ चा त्याहून किंचित जास्त मतांनी. २००८ चा अष्टमांश सेंट मात्र ६६.७८ टक्क्यांवर जेमतेम पार पडला, तोही मतदानानंतर कित्येक दिवस मोजणी चालल्यावर. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ चा ठराव ६६.११ वर अडकून पडला. तीनातल्या दोघांनी जवळजवळ होकार दिलेला असताना उरलेल्या एकाच्या शब्दावर काम थांबते, याला बहुमत म्हणणे कठीण आहे. बार्ट सॅन होजेच्या उत्तर भागातल्या बेरियेसापर्यंत २०२० मध्ये पोचली. सॅन होजेच्या मध्यवस्तीखालून सँटा क्लारापर्यंतचा सहा मैलांचा टप्पा अजून बाकी आहे.

विक्रीकराची मोठी खोट तशीच राहिली. किराणा वगळला असला तरी कपडे, भांडी, गाडीचे टायर यांवर तो सगळ्यांना सारखाच लागतो. थोडक्या पगारात भागवणाऱ्याच्या खिशाला जास्त चिमटा बसतो.

२०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने नवी फट उघडली. नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या ठरावांना नगरपालिकांवरची बंधने जशीच्या तशी लागू होत नाहीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यामुळे फ्रेस्नोतला २०१८ चा उद्यानांसाठीचा विक्रीकर सुमारे ५२ टक्के मतांवर टिकला. २०२५ मध्ये विधिमंडळाने बे एरियातल्या पाच काउंट्यांसाठी वाहतूक कराला मुभा दिली : सॅन फ्रान्सिस्कोत एक सेंट, सँटा क्लारासह इतर चार ठिकाणी अर्धा, मुदत १४ वर्षे. मतदान नोव्हेंबर २०२६ मध्ये, आणि सह्यांच्या वाटेने ठराव आला तर साधे बहुमत पुरेल. त्याआधीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सँटा क्लाराने पाच वर्षांसाठी पाच अष्टमांश सेंटचा सामान्य कर मंजूर केला. प्रचार झाला तो केंद्राकडून कमी झालेल्या निधीचा आणि काउंटीच्या रुग्णालयांचा. पैसा कायद्याने सर्वसाधारण तिजोरीचा आहे.