‘विक्रेता’ कोणाला म्हणायचं? अमेरिकेतल्या खासगी बंदूकविक्रीच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत गोळीबाराची मोठी घटना घडली की चार दिवसांत ‘गन शो लूपहोल’, म्हणजे बंदूक प्रदर्शनांतली पळवाट, हा शब्द बातम्यांत येतोच. बंदुकांच्या प्रदर्शनात कोणीही जातो, कागदपत्रांशिवाय बंदूक विकत घेतो आणि कायद्याला पत्ता लागत नाही, असं चित्र त्यातून उभं राहतं. ते अर्धंच खरं आहे. प्रदर्शनात गाळा लावणाऱ्या परवानाधारक विक्रेत्याला दुकानातले सगळे नियम तिथेही लागू असतात. सूट आहे ती परवाना नसलेल्या खासगी माणसाला. तो बंदूक प्रदर्शनात विको, स्वतःच्या अंगणात विको, की इंटरनेटवर जाहिरात देऊन विको, संघीय कायद्याच्या लेखी सारखंच. आणि ही सूट कोणाच्या नजरचुकीने राहिलेली नाही. ती जाणूनबुजून, घासाघीस करून लिहिलेली आहे. ती का लिहिली गेली हे समजलं नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

सुरुवात 1930 च्या दशकात होते. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी लोक हादरले होते. 1934 च्या कायद्याने मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर 200 डॉलर कर बसवला आणि त्यांची नोंदणी सक्तीची केली. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती विरोधामुळे वगळावी लागली. 1938 मध्ये आणखी एक कायदा आला, आणि आजच्या वादाचं मूळ तिथे आहे. बंदुका बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने संघीय परवाना घ्यायचा आणि विक्रीची नोंद ठेवायची, असं त्याने ठरवलं. विक्रेत्याच्या परवान्याची फी होती 1 डॉलर. म्हणजे सरकारने नियंत्रण ठेवायचं ते धंद्यावर. बंदूक बाळगणाऱ्या माणसाला हात लावायचा नाही. हीच चौकट आजवर टिकून आहे.

पुढची तीस वर्षं फारसं काही घडलं नाही. मग 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. ज्या रायफलीने गोळ्या झाडल्या ती मासिकातल्या जाहिरातीचं कूपन भरून शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसकट किंमत 19 डॉलर 95 सेंट, टपालखर्च वेगळा, आणि मागवणाऱ्याचं नाव खोटं. टपालाने होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी सिनेटर थॉमस डॉड त्याआधीपासूनच प्रयत्न करत होते. तरी कायदा व्हायला 1968 उजाडलं आणि मधे मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे जीव गेले. 22 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’वर सही केली. सर्व बंदुकांची नोंदणी आणि मालकांना परवाना या त्यांच्या दोन्ही मागण्या अमेरिकी काँग्रेसने फेटाळल्या होत्या, आणि सही करतानाच त्यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

या कायद्याने गुन्हेगार, अमली पदार्थांचे व्यसनी आणि न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले लोक यांना बंदूक विकायला मनाई केली. राज्याबाहेरच्या माणसाला परस्पर विक्री बंद झाली. दुकानात ग्राहकाने अर्ज भरून ‘मी यांपैकी कोणीही नाही’ अशी सही करायची पद्धत आली. पण ती सही खरी की खोटी हे तपासणारं कोणी नव्हतं. आणि ज्याच्याकडे परवाना असलाच पाहिजे तो ‘धंदा करणारा’ नेमका कोण, याची व्याख्याही धड नव्हती.

या धूसरपणाचा फटका बंदूकमालकांना बसला, आणि त्यांच्या आजच्या अविश्वासाचा मोठा भाग त्या वर्षांत तयार झाला असं मला वाटतं. 1970 च्या दशकात बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या एटीएफ या संघीय यंत्रणेने प्रदर्शनांत दोन-चार बंदुका विकणाऱ्या संग्राहकांवर विनापरवाना धंद्याचे खटले भरले. वर्षात किती बंदुका विकल्या म्हणजे धंदा होतो, हे विचारलं तर ठाम उत्तर मिळत नसे. 1982 च्या सिनेट उपसमितीच्या अहवालाने या कारवायांवर कडक टीका केली. दरम्यान 1977 मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांनी जुन्या नेतृत्वाला पायउतार केलं होतं. नेमबाजी आणि शिकार यांत रमलेली ती संघटना तिथून पुढे उघडपणे राजकीय झाली.

त्यातून 1986 चा ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ आला. ‘उपजीविका आणि नफा’ हा मुख्य हेतू ठेवून वारंवार खरेदी-विक्री करणारा तो विक्रेता. अधूनमधून विकणारा, छंद म्हणून अदलाबदल करणारा किंवा स्वतःचा संग्रह मोडीत काढणारा विक्रेता नव्हे, अशी व्याख्या त्याने केली. ज्याला आज पळवाट म्हणतात ती ही. याच कायद्याने दोन गोष्टी आणखी केल्या. बंदूक बाळगण्यास अपात्र असलेल्या माणसाला जाणूनबुजून विकणं खासगी व्यक्तीसाठीही गुन्हा ठरवलं. आणि बंदुकांची किंवा त्यांच्या मालकांची संघीय नोंदवही तयार करायला सरकारला मनाई केली.

ही नोंदवहीची भीती बाहेरच्याला अवास्तव वाटते. पण ती पूर्णपणे हवेतून आलेली नाही. न्यूयॉर्क शहराने 1967 मध्ये रायफली आणि शॉटगन यांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा हेतू फक्त गुन्ह्यांचा तपास सोपा व्हावा हा होता. 1991 मध्ये शहराने काही प्रकारच्या रायफलींवर बंदी घातली, आणि नोंद असलेल्या मालकांना त्या जमा करा, निकामी करा किंवा शहराबाहेर न्या असं कळवण्यात आलं. ज्यांनी प्रामाणिकपणे नोंद केली त्यांनाच पत्रं गेली. बंदूकमालकांच्या सभांत हे उदाहरण अजून दिलं जातं, आणि त्याला खिल्ली उडवून उत्तर देता येत नाही.

1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धिसचिव जेम्स ब्रॅडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा 30 नोव्हेंबर 1993 रोजी मंजूर झाला आणि सहीमागची माहिती तपासण्याची सोय पहिल्यांदा देशभर झाली. सुरुवातीला ग्राहकाने पाच दिवस थांबायचं. 1998 पासून एफबीआयच्या यंत्रणेकडून फोनवर किंवा संगणकावर लगेच उत्तर. मधल्या काळात ही तपासणी स्थानिक शेरीफांवर लादली होती. माँटानाच्या शेरीफ प्रिंट्झ यांनी त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द केली.

तपासणी मात्र परवानाधारकांकडच्या विक्रीपुरतीच राहिली. त्यात एक उलटीच गोष्ट घडली, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. त्याच कायद्याने परवान्याची फी तीन वर्षांना 30 डॉलरवरून 200 डॉलर केली आणि सरकारनेही परवाने देताना हात आखडता घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावरून धंदा करणाऱ्या हजारोंनी परवाने सोडले. 1990 च्या सुमाराला अडीच लाखांच्या आसपास असलेले विक्रेते दशकाअखेर एक लाखाच्या खाली आले. परवाना सोडलेल्या सगळ्यांनी बंदुका विकणंही सोडलं असेल असं मानायला काही कारण नाही.

20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. हल्लेखोरांच्या चार बंदुकांपैकी तीन एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने प्रदर्शनातल्या खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. तपासणी असती तर मी त्या घेतल्या नसत्या, असं तिने नंतर सांगितलं. महिनाभरात सिनेटमध्ये प्रदर्शनांतल्या खासगी विक्रीलाही तपासणी लावणारा प्रस्ताव 50-50 वर अडला. उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या मताने तो मंजूर झाला, आणि प्रतिनिधिगृहात बुडाला. कोलोरॅडोच्या मतदारांनी पुढच्या वर्षी स्वतःच्या राज्यात तो नियम मोठ्या बहुमताने आणला. खासगी विक्रीही परवानाधारकामार्फतच व्हावी असा नियम कॅलिफोर्नियात 1991 पासून होता. राज्याराज्यांत वेगळे नियम, हे चित्र तिथून ठळक होत गेलं.

डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. त्यानंतर वेस्ट व्हर्जिनियाचे मॅन्चिन आणि पेनसिल्व्हेनियाचे टूमी या दोन सिनेटरांनी जो प्रस्ताव आणला त्यात बंदूकमालकांचं म्हणणं ऐकल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. प्रदर्शनं आणि इंटरनेटवरची विक्री तपासणीखाली, कुटुंबातली देवघेव मोकळी, आणि या नोंदींतून नोंदवही बनवणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास. 17 एप्रिल 2013 रोजी त्याला 54 मतं मिळाली. त्या मतदानासाठी ठरल्याप्रमाणे लागत होती 60. एवढी हमी देऊनही विश्वास बसला नाही, हे मला त्या दिवसाबद्दल सगळ्यात जास्त खटकतं. त्याच वर्षी कोलोरॅडोने सर्व खासगी विक्रीला तपासणी लावली, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या दोन राज्य सिनेटरांना मतदारांनी मुदतीआधीच पदावरून हटवलं.

किती बंदुका तपासणीशिवाय हात बदलतात, यावरही वर्षानुवर्षं भांडण झालं. 1994 च्या एका छोट्या सर्वेक्षणातून आलेला 40 टक्क्यांचा आकडा राजकारण्यांनी वीस वर्षं वापरला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात तो 22 टक्के निघाला. जुना आकडा ताणून वापरला नसता तर नव्यावर तरी लोकांनी विश्वास ठेवला असता.

बंदूकमालकांच्या तक्रारी नोंदवहीपुरत्या नाहीत. शेजाऱ्याला शिकारीसाठी रायफल उसनी दिली तर ती ‘हस्तांतर’ ठरते का? परवानाधारक तासाभराच्या अंतरावर असेल तर दोन मित्रांनी तिथे जायचं आणि वर त्याची फीही भरायची? नामसाधर्म्यामुळे नकार आला तर दाद मागण्यात किती दिवस जाणार? दुसऱ्या बाजूला 2019 चा टेक्सासमधला मिडलंड-ओडेसाचा गोळीबार आहे. सात जणांना मारणारा माणूस 2014 मध्ये तपासणीत नापास झाला होता. दुकानाने जे नाकारलं ते त्याने खासगी विक्रेत्याकडून मिळवलं, आणि तो विक्रेता पुढे विनापरवाना धंद्याबद्दल तुरुंगात गेला.

वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथे एटीएफचं शोधकेंद्र आहे. बंद पडलेल्या दुकानांचे कागद तिथे येतात आणि त्यांची चित्रं संगणकावर साठवली जातात. नोंदवही होऊ नये म्हणून ती नावाने शोधता येत नाहीत. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग कर्मचारी कारखान्यापासून दुकानापर्यंत आणि पहिल्या ग्राहकापर्यंत काढतात. त्याने ती पुढे परस्पर विकली असेल तर बहुतेक राज्यांत कागद तिथे संपतो.

मे 2022 मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. महिनाभरात दोन्ही पक्षांच्या मतांनी जो कायदा झाला त्याने 1986 च्या व्याख्येतली ‘उपजीविका’ काढली आणि ‘प्रामुख्याने नफा कमावणे’ हे शब्द घातले. त्यावर बायडेन सरकारने एप्रिल 2024 मध्ये सविस्तर नियम केला. परिस्थिती तशी असेल तर एका विक्रीवरूनही माणूस विक्रेता ठरू शकतो, असं त्यात होतं. बंदूकमालकांना थेट 1970 चं दशक आठवलं. टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तिथे आणि आणखी काही राज्यांत त्याची अंमलबजावणी थांबवली, आणि 2025 मध्ये ट्रम्प सरकारने नियमाचा फेरविचार सुरू केला. नियम मागे घेणं सरकारच्या हातात आहे. 2022 चे शब्द मात्र कायद्यात आहेत, आणि संग्रह विकणाऱ्याला 1986 मध्ये दिलेली सूटही त्यांच्या शेजारी तशीच उभी आहे.