ई-जीपीयू ट्रबलशूटिंग

ई-जीपीयू म्हणजे डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डब्यात किंवा उघड्या अडॅप्टरवर बसवून केबलने लॅपटॉपला जोडणं. ते चाललं नाही की पहिला संशय कार्डावर जातो, पण खूपदा कार्ड ठणठणीत असतं आणि गडबड असते ती कार्ड ते लॅपटॉप या वाटेवर, म्हणून शोध पोर्ट, केबल आणि पॉवरपासून सुरू करायचा आणि ड्रायव्हरकडे शेवटी यायचं. उलटं केलं की दोन दिवस नुसते ड्रायव्हर टाकण्यात जातात.

आधी पोर्ट बघा. यूएसबी-सीची भोकं सगळी सारखीच दिसतात, पण थंडरबोल्टच्या (त्याच आकाराचं, पण बाहेरचं कार्ड चालवू शकणारं वेगवान कनेक्शन) पोर्टशेजारी बहुतेक वेळा विजेची छोटी खूण असते. नुसत्या यूएसबी-सीवर लॅपटॉप कदाचित चार्ज होईल, मॉनिटरही चालेल, ग्राफिक्स कार्ड मात्र दिसणारच नाही. यूएसबी४ लिहिलेलं असलं तरी पीसीआयईची (ग्राफिक्स कार्ड ज्या वाटेने कॉम्प्युटरशी बोलतं ती) सोय त्यात ऐच्छिक आहे, तेव्हा मॉडेलची माहिती नीट वाचूनच डबा घ्या. थंडरबोल्ट ३ हे २०१५ मध्ये आलं, वेग ४० गिगाबिट, पण कार्डाला त्यातून पीसीआयई ३.० च्या जास्तीत जास्त ४ लेन (डेटाच्या समांतर वाटा) मिळतात आणि काही लॅपटॉपमध्ये तर कंपनीने २ च लेन जोडलेल्या असतात. डेस्कटॉपच्या स्लॉटला १६ असतात, म्हणजे तेच कार्ड इथे थोडं हळू चालणार, हा बिघाड नाही. केबलचंही तसंच, थंडरबोल्ट ३ ची साधी पॅसिव्ह केबल अर्ध्या मीटरच्या फार पुढे गेली की वेग २० गिगाबिटवर येऊ शकतो, म्हणून टेस्ट करताना डब्यासोबत आलेली आखूड केबलच लावा.

मग पॉवर. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०, एवढी बेरीज करून डब्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरतो का ते बघायचं. साधं काम सुरळीत चालतं पण गेम सुरू करून लोड आला की स्क्रीन काळी होते, असं असेल तर पहिला संशय पॉवरवरच घ्या. आपल्याकडे अजून एक गोष्ट होते, लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण कार्ड जागच्या जागी मरतं आणि विंडोज हँग होतं किंवा निळी स्क्रीन येते, माझं हे पावसाळ्यात इतक्या वेळा झालं की शेवटी डबाच यूपीएसवर टाकला. एम.२ (लॅपटॉपच्या आतला एसएसडीचा स्लॉट) किंवा ऑक्युलिंक (थेट पीसीआयईची केबल) वापरणाऱ्यांनी तर चालू लॅपटॉपमध्ये केबल काढघाल अजिबात करू नये, आधी एसएमपीएस चालू, मग लॅपटॉप.

डब्याचा पंखा फिरतोय, लाइट लागलाय, तरी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच नाही? बरेचदा परवानगी दिलेली नसते. थंडरबोल्टच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्याला मंजुरी द्यावी लागते, लिनक्सवर तेच काम बोल्टसीटीएल या कमांडने होतं, आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) थंडरबोल्टची सिक्युरिटी 'फक्त डिस्प्लेपोर्ट', म्हणजे फक्त मॉनिटरला परवानगी, अशी असेल तर कार्ड कधीच येणार नाही.

कार्ड दिसतंय पण पिवळं चिन्ह आहे, तर त्यावर डबल-क्लिक करून एरर कोड बघा. कोड १२ म्हणजे कार्डाला लागणारी मेमरी ॲड्रेसची जागा विंडोजला सापडत नाहीये, आणि लॅपटॉपमध्ये स्वतःचं एनव्हिडिया किंवा एएमडी कार्ड असेल तर हे जास्त होतं कारण त्याने आधीच जागा धरलेली असते, ते आतलं कार्ड डिसेबल करून, डबा जोडलेला ठेवून रीस्टार्ट करायचं, आणि बायोसमध्ये अबव्ह ४जी डीकोडिंग हा पर्याय दिसला तर तेही चालू करायचं. कोड ४३ ला मात्र घाबरू नका, कार्ड जळालं असा त्याचा अर्थ नाही, बरेचदा जुन्या-नव्या ड्रायव्हरची खिचडी झालेली असते. नेट बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं, सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुने ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) सगळं साफ करा आणि मग एकच ताजा ड्रायव्हर टाका. एम.२ अडॅप्टरवर अधूनमधून कार्ड गायब होत असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ४ (पीसीआयई ४.०) वरून जेन ३ वर आणून बघा, हलक्या रिबन केबलला जेन ४ झेपत नाही.

कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स४ १.१' (४ लेन, पण जुन्या पीसीआयई १.१ च्या वेगाने) दिसलं की लोक हादरतात, पण काम नसताना कार्ड पॉवर वाचवायला लिंक खाली आणतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट चालवा आणि तेव्हाचा आकडा बघा. फ्रेम कमी वाटत असतील तर मॉनिटर थेट कार्डालाच लावा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळलं की चित्र त्याच केबलने परत येतं आणि आधीच अरुंद वाटेवर गर्दी होते.

मॅकची गोष्ट छोटी आहे. २०१८ मध्ये हाय सिएरा १०.१३.४ पासून अधिकृत सपोर्ट आला, तोही फक्त इंटेल मॅकवर आणि एएमडीच्या कार्डांना. एम१ आणि त्यापुढच्या मॅकना ॲपलने हा सपोर्ट दिलाच नाही, तिथे केबल बदलून उपयोग नाही.

एवढं करूनही नाहीच झालं, तर कार्ड एखाद्या मित्राच्या डेस्कटॉपमध्ये लावून अर्धा तास लोडवर चालवा. तिथेही तसंच झालं, तर मग वॉरंटीचं बिल शोधायला घ्या.