चिंताशामक औषधे (बेंझोडायझेपिन गट)

चिंता, भीतीचे झटके, निद्रानाश व आकडी यांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने दिल्या जाणाऱ्या औषधांचा एक गट. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम व क्लोरडायझेपॉक्साइड ही त्यांतील नेहमीची नावे. नैराश्यावरील ज्या गोळ्या चिंतेसाठीही देतात, त्या या गटात येत नाहीत.

इतिहास : हॉफमान-ला रोश या औषध कंपनीच्या अमेरिकेत न्यू जर्सीतील नटली येथील प्रयोगशाळेत या गटाचा उगम झाला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो सालाचा आणि शोध कितपत योगायोगाने लागला याचा. तेथील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख (१९०८–२००५) यांनी पूर्वी पोलंडमधील क्राकोव येथे रंगद्रव्यांच्या शोधात हाताळलेली संयुगे नटलीत पुन्हा हाती घेतली. आपण ज्या रचनेवर काम करतो आहोत असे त्यांना वाटत होते, ती रचना प्रत्यक्षात वेगळीच, म्हणजे क्विनाझोलिन ऑक्साइडाची निघाली. त्यापासून निरनिराळ्या अमाइनांच्या (नायट्रोजन असलेल्या संयुगांच्या एका वर्गाच्या) साहाय्याने बनवलेले पदार्थ निरुपयोगी ठरले, आणि मिथिलअमाइनापासून केलेला एक पदार्थ चाचणीविनाच फळीवर राहिला. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना सहकारी अर्ल रीडर यांच्या तो नजरेस पडला. औषधशास्त्रज्ञ लोवेल रँडल यांनी प्राण्यांवर केलेल्या चाचण्यांत त्याचा शामक परिणाम तेव्हाच्या औषधांपेक्षा सरस दिसला. काही लेखक संयुग तयार झाले ते १९५५ हे शोधाचे साल मानतात, तर काही १९५७. औषध म्हणून ओळख पटणे हा निकष लावला तर १९५७ अधिक ग्राह्य वाटते. फळीवरच्या विसरलेल्या बाटलीची गोष्ट लोकप्रिय असली, तरी तिच्यावर फार भर देऊ नये. मिथिलअमाइन हे प्राथमिक अमाइन असल्यामुळे अभिक्रिया नेहमीच्या वाटेने न जाता वलय सहाचे सात अणूंचे झाले. हे स्टर्नबाख यांनी पुढे चिकाटीने उलगडले, आणि डायझेपाम त्या उलगड्यातूनच आले. फळीवरचा तो पदार्थ म्हणजेच क्लोरडायझेपॉक्साइड; ते १९६० साली लिब्रियम या नावाने बाजारात आले, १९६३ साली डायझेपाम (व्हॅलियम).

त्याआधी ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, पॅराल्डिहाइड व बार्बिट्युरेटे वापरात होती.  बार्बिट्युरेटांची उपचाराची मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर थोडे असे. नवी औषधे त्या मानाने सुरक्षित ठरल्याने जगभर फार वेगाने पसरली.

कार्य : गाबा हे मेंदूतील उत्तेजना आवरणारे रासायनिक द्रव्य. ते पेशीवरील ज्या ठिकाणी बसते त्याला ग्राही म्हणतात. बेंझोडायझेपिने गाबा-ए ग्राहीवरील वेगळ्या जागी बसतात व गाबाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे ग्राहीतील क्लोराइडाची वाहिनी अधिक वेळा उघडते. बार्बिट्युरेटे तीच वाहिनी अधिक काळ उघडी ठेवतात, म्हणून त्यांचा अतिरेक अधिक घातक. बेंझोडायझेपिनांची ही जागा १९७७ साली डेन्मार्क व स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. गटातील औषधांत मोठा फरक आहे तो टिकण्याच्या काळाचा. अल्प्राझोलॅमचे रक्तातील प्रमाण सुमारे ११ ते १२ तासांत निम्मे होते, क्लोनाझेपामचे साधारण ३० ते ४० तासांत. डायझेपामपासून शरीरात बनणारा पदार्थ तर कित्येक दिवस रेंगाळतो.

मात्रांच्या तुलनेबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात गोळ्या सोडवण्याचे चिकित्सालय चालवणाऱ्या हेदर अ‍ॅश्टन यांच्या मते ०.५ मिग्रॅ. अल्प्राझोलॅम हे १० मिग्रॅ. डायझेपामच्या तोडीचे, काही तक्ते त्यासाठी १ मिग्रॅ. अल्प्राझोलॅम धरतात. गोळी सोडवताना अल्प्राझोलॅमची ताकद कमी मोजण्यापेक्षा अ‍ॅश्टन यांचा हिशेब जवळ करणे सुरक्षित वाटते. ‘पॉइंट टू फाइव्ह’ (०.२५ मिग्रॅ.) किंवा ‘पॉइंट फाइव्ह’ (०.५ मिग्रॅ.) ऐकून गोळी किरकोळ वाटते, ती किरकोळ नाही.

उपयोग : थांबत नसलेली आकडी लोराझेपाम शिरेतून देऊन आटोक्यात आणतात. दारू अचानक बंद झाल्यावर येणारी थरथर, भ्रम व झटके यांवर क्लोरडायझेपॉक्साइड मोलाचे आहे. धनुर्वातात डायझेपाम, शस्त्रक्रियेपूर्वी मिडाझोलॅम. तीव्र चिंतेत पहिल्या गोळीचा आराम तासाभरात जाणवतो. नैराश्यावरील औषध लागू पडायला काही आठवडे लागतात; तोवर आधार म्हणून ही गोळी जोडून देतात, आणि हा वापर योग्यच आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शन तो २ ते ४ आठवड्यांपुरता ठेवायला सांगते.

धोके : नेमकी हीच मुदत पाळली जात नाही. चिठ्ठीवर गोळी कधी सुरू करायची ते असते, कधी थांबवायची ते बहुधा नसते. काही आठवड्यांत शरीराला सवय होते व तोच परिणाम मिळायला मात्रा वाढवावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये व्यसन, अवलंबित्व व गोळी सोडताना होणारा त्रास यांबद्दल या गटावर चौकटीतील इशारा सक्तीचा केला. अफूजन्य वेदनाशामकांसोबत घेतल्यास श्वास मंदावतो, हा इशारा २०१६ पासूनच आहे. दारूबरोबरही तोच धोका असतो. वयस्करांत तोल जाणे व विसरभोळेपणा वाढतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत रात्री मोरीकडे उठलेल्या आजी पडतात, खुब्याचे हाड मोडते, आणि झोपेची गोळी चालू आहे हे दवाखान्यात कोणी विचारत नाही, घरचेही सांगत नाहीत. दीर्घ वापराने स्मृतिभ्रंश होतो का, याबद्दलचे अभ्यास परस्परविरोधी आहेत. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांनी गोळीच्या गुंगीत दुचाकी चालवू नये, हे मात्र निःसंशय.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे सवय झालेली गोळी एका दिवसात बंद करणे. झोप उडते, चिंता पूर्वीपेक्षा उसळते, हात थरथरतात; काहींना आकडी येते व ती जीवघेणी ठरू शकते. ‘मूळ आजारच परत आला’ असा समज होऊन रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी, काही आठवडे ते महिने घेऊन उतरवावी लागते. त्यासाठी कधी रुग्णाला आधी अधिक काळ टिकणाऱ्या औषधावर आणून सुरुवात करतात.

कायदा व व्यवहार : यांतील प्रमुख औषधे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालील मनःप्रभावी द्रव्यांच्या यादीत आहेत. अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम व क्लोरडायझेपॉक्साइड यांचा समावेश १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या, औषध नियमांतील एच-१ अनुसूचीत (यादीत) आहे. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही ३ वर्षे ठेवायची असते. नोंदीचा नियम चांगला आहे, पण जुनी चिठ्ठी दाखवून तीच स्ट्रिप पुन्हा मिळाली तर नोंद होऊनही उपयोग नाही. चिठ्ठी नसताना ‘मेडिकल’मध्ये ही औषधे मागू नयेत, शेजाऱ्याला आपल्या स्ट्रिपमधली गोळी देऊ नये.

उपचाराच्या सोयी : ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय (१९०१), तसेच १९९० पासून ठाण्यात समुपदेशनाचे काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. टेली-मानस (१४४१६) ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे.