काम्पो वाच्चिनो

काम्पो वाच्चिनो : प्राचीन रोमच्या फोरमला, म्हणजे साम्राज्याच्या मुख्य चौकाला, पुढच्या काळात पडलेले लोकनाव, तसेच त्या जागेवरचे भग्नावशेष आणि त्यांच्या आडोशाने चाललेला रोजचा व्यवहार दाखवणारा चित्रविषय. इटालियन नावाचा अर्थ गुरांचे मैदान. मराठीतला ‘गायरान’ शब्द त्याच्या जवळ जातो; फक्त इथे गुरे चरत तशी विकलीही जात.

साम्राज्य लयाला गेल्यावर पडक्या इमारतींचा राडारोडा आणि माती साचत गेली, जमीन कित्येक मीटर वर आली. इ. स. २०३ मधील सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची विजयकमान खालून बरीचशी गाडली गेली. देवळांचे खांब मातीतून उगवल्यासारखे दिसत. १५९३ मध्ये जाकोमो देल्ला पोर्ता या वास्तुकाराने इथे कारंजे उभारले आणि त्याच्या ग्रॅनाइटच्या प्रचंड कुंडात गुरे पाणी पिऊ लागली. तेच कुंड १८१८ मध्ये क्विरिनाल टेकडीवर हलवले गेले. आज ते तिथल्या कारंज्याखाली आहे.

त्यामुळे या चित्रांतल्या गाई-शेळ्या ही चित्रकाराची हौस नव्हे. फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँने १६३६ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेले दृश्य (सध्या पॅरिसच्या लूव्हरमध्ये) पाहावे. एका बाजूला गाडलेली कमान, दूर कोलोसियम हे प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार, आणि पुढे गप्पा मारत उभी माणसे. अवशेषांकडे त्यांचे फारसे लक्ष नाही, आणि चित्राची खरी गंमत तीच आहे. व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो याने १७४२ च्या सुमारास रोमची मोठी दृश्ये केली. इटालियन कोरीवकार पिरानेसीच्या छापचित्रांत अवशेष अवाढव्य आणि माणसे मुंगीएवढी होतात. भव्यतेचा हा सोस कधीकधी अति वाटतो. वास्तवाला धरून काढलेल्या अशा नगरदृश्याला ‘वेदुता’ म्हणतात. निरनिराळ्या ठिकाणचे अवशेष मनाने एकत्र मांडले, तर ते ‘काप्रिच्चो’.

इंग्रज चित्रकार टर्नरचे ‘मॉडर्न रोम – काम्पो वाच्चिनो’ १८३९ चे. त्याची शेवटची रोमवारी तेव्हा दहा वर्षे मागे पडली होती. मावळतीच्या उजेडात अवशेष धुक्यासारखे विरघळतात, शेळ्या मात्र ठळक आहेत. याच वर्षी त्याने ‘प्राचीन रोम’चे जोडचित्रही प्रदर्शनात मांडले. २०१० मध्ये अमेरिकेतील गेटी संग्रहालयाने ‘मॉडर्न रोम’ लिलावात सुमारे २.९७ कोटी पौंडांना घेतले.

टर्नरने हे रंगवले तेव्हा विषय संपत आलाच होता. १८०३ पासून पुरातत्त्वज्ञ कार्लो फेआने पद्धतशीर खोदकाम सुरू केले. पुढे शतकभरात माती उपसली गेली, बाजार आणि गुरे हटली. खोदकामाने जमीन खाली गेली, पण अँटोनायनस-फॉस्टिना या प्राचीन रोमन मंदिरात पुढे झालेल्या चर्चचा दरवाजा माती साचलेल्या काळातल्या पातळीवरच राहिला. तो आज भिंतीत उंचावर, पायऱ्यांवाचून अधांतरी दिसतो.